आजीच्या फोटोला रंग देताना

गंगापूर तालुक्यात अनेक घरांच्या भिंतीवर आजोबा-आजींचा एकच काळा-पांढरा फोटो असतो. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी गोदाकाठची गावे उठली. तेथल्या जुन्या घरादारांच्या आठवणीही अशा फोटोंतच उरल्या आहेत. रंगीत फिल्म १९३५ नंतर बाजारात आली, पण खेड्यात रुळायला तिला बरीच वर्षे लागली. तोवर स्टुडिओतले कारागीर फोटो हातानेच रंगवीत. हे काम घरीही जमण्यासारखे आहे. मात्र जमीन पाहून पीक घ्यावे, तसा कागद पाहून रंग घ्यावा.

मूळ फोटो रंगवू नये

स्टुडिओतून मूळ फोटोची प्रत काढून घ्यावी. रंग तिलाच द्यावा. प्रत थोडी फिकी व तपकिरी छटेची काढावी. काळ्या सावलीवर रंग उमटत नाही आणि तपकिरीवर अंगकांती चांगली खुलते.

कागद कोणता?

चकचकीत कागद टाळावा. त्यावर रंग घसरतो व डाग पडतात. फोटोचा मॅट कागद असेल तर तेलरंग चालतात. साध्या जाड चित्रकलेच्या कागदावर छापलेली प्रत असेल तर जलरंग किंवा रंगीत पेन्सिली वापराव्यात. अशा उघड्या कागदात तेल मुरून डाग पसरतो.

छपाईची शाई आधी तपासावी. ओले बोट कडेला घासून पाहावे. शाई फुटली तर त्यावर जलरंग नको, पेन्सिलच बरी. लेझर यंत्रावरची छपाई पाण्याने सहसा फुटत नाही.

रंग कोणते?

रंग पारदर्शक हवेत. पोस्टर कलरने खालचा चेहराच झाकून जातो. तेलरंग बशीत अगदी थोडा घ्यावा, काडीला गुंडाळलेल्या कापसाने हलका चोळावा आणि जादा रंग कोरड्या कापसाने टिपावा. हा कापूस औषधाच्या दुकानातला घ्यावा. आपल्या शेतातल्या कापसावर नैसर्गिक मेण व कचरा असतो, त्यामुळे तो नीट टिपत नाही. जलरंग पातळ करून थरावर थर द्यावेत. प्रत्येक थर वाळू द्यावा.

लुगडे कोणत्या रंगाचे होते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पूर्वीच्या पुष्कळ फिल्मना लाल रंग जाणवत नसे. त्यामुळे कुंकू व लाल लुगडे काळे, तर निळा रंग फिका दिसतो. तेव्हा फोटोवरून अंदाज बांधू नये. घरातल्या आत्याबाईंना, थोरल्या चुलत्यांना विचारावे. पाहिलेली माणसे आहेत तोवरच हे कळणार आहे.

त्यांनी सांगितलेले रंग आणि फोटोतल्या माणसांची नावे प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावीत. मूळ फोटो कोरड्या कागदात गुंडाळून, ओल नसलेल्या जागी पेटीत ठेवावा आणि रंगवलेली प्रत ऊन लागणार नाही अशा भिंतीवर लावावी.