मुलांना पारखण्यापूर्वी प्रश्न पारखावा

मूल्यमापन हे अध्यापनाचेच एक अंग होय, हा विचार आता प्राथमिक शाळांत रुजला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनाचा पुरस्कार केला. त्यानुसार महाराष्ट्रात २०१० साली आकारिक व संकलित मूल्यमापनाची पद्धती ठरविण्यात आली. त्या वेळी आकारिक मूल्यमापनाचा भार पहिली-दुसरीसाठी ७० टक्के, तर सातवी-आठवीसाठी ४० टक्के ठेवण्यात आला होता. म्हणजे मूल जितके लहान, तितकी शिक्षकाच्या स्वतःच्या निरीक्षणावर व त्याने निवडलेल्या साधनांवर भिस्त अधिक. हे लक्षात घेता ती साधने निर्दोष असणे किती अगत्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको. सदोष प्रश्नामुळे मूल नाहक ‘कच्चे’ ठरते आणि पुढील कित्येक दिवसांचे अध्यापन भलत्याच दिशेने जाते. म्हणून नवी चाचणी मुलांच्या प्रगतीची नोंद करण्यासाठी वापरण्यापूर्वी तिची पूर्वचाचणी घेणे आवश्यक होय.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने व त्यांचे सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली आपली सुप्रसिद्ध कसोटी तयार केली. तिच्यात अनुभवांती १९०८ व १९११ साली त्यांनी सुधारणा केल्या. पुढे डॉ. कामत यांनी ती कसोटी मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली. एका मुलखातील प्रश्न दुसऱ्या मुलखात जसेच्या तसे चालत नाहीत, हाच धडा अशा प्रयत्नांतून मिळतो.

पूर्वचाचणीने काय साधते, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. तिसरीच्या मुलांना ४२ वजा १७ ही वजाबाकी दिली. बरोबर उत्तर २५. पण काही मुलांनी ३५ लिहिले. एका मुलास विचारले असता तो म्हणतो, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घेतले.” दुसरा म्हणतो, “दशक सुट्टे करून बारातून सात घेतले, पाच उरले; मग चारातून एक घेतला.” सुट्टा केलेला दशक कमी करावयाचे तो विसरला. चूक निराळी, उपायही निराळा. पण उत्तर मात्र एकच! अशा प्रश्नाने शिक्षकास नेमके निदान होत नाही. तोच प्रश्न ४३ वजा १७ असा केल्यास बरोबर उत्तर २६ येते, पहिल्या मुलाचे ३४ येते व दुसऱ्याचे ३६ येते. केवळ एक अंक बदलल्याने उत्तरातूनच चुकीचे मूळ कळू लागते. हा बदल सुचतो तो मुलाला “हे कसे काढलेस?” असे आस्थेने विचारल्यावरच.

भाषेच्या चाचणीत निराळीच अडचण उद्भवते. उताऱ्याखाली “पावसाळ्यात शेतकरी काय करतो?” असा प्रश्न असेल, तर उतारा न वाचताही खेड्यातील मूल त्याचे उत्तर देईल. सबब चार-सहा मुलांना उतारा न देता केवळ प्रश्न विचारून पाहावेत. त्यांना उत्तरे आली, तर तो प्रश्न वाचनाचा नव्हे, सामान्य माहितीचा समजावा.

परिसर अभ्यास व इंग्रजी या विषयांत चित्रे फसवितात. चित्रातील वस्तू मुलाने कधी पाहिलीच नसेल, किंवा एकाच चित्रास दोन नावे शोभत असतील, तर मुलाचे उत्तर चुकले असे म्हणता येत नाही. मेळघाटातील कोरकू अथवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत प्रश्नाची सूचना मुलाच्या बोलीतही सांगून पाहावी. बोलीत सांगताच उत्तर आले, तर उणीव विषयाच्या ज्ञानात नसून प्रश्नाच्या भाषेत आहे, असे समजावे.

इयत्तेनुसार पूर्वचाचणीची रीतही बदलावी. पहिली-दुसरीत ती तोंडी व एकेका मुलाची घ्यावी. तेथे प्रश्नाइतकीच सूचनेचीही परीक्षा होते. तिसरी-चौथीत लेखी चाचणी देऊन बहुतेक मुलांना किती वेळ लागतो, तो टिपून ठेवावा. पाचवीपासून पुढे विस्तृत उत्तरांचे प्रश्न येतात, तेथे गुणदानाची पद्धतीही पारखावी. दोन शिक्षकांनी तीच दहा उत्तरे एकमेकांचे गुण न पाहता तपासावीत. गुणांत मोठी तफावत पडल्यास दोष मुलांचा नसून गुणदानाच्या निकषांचा होय.

यानंतर थोडा हिशेब करावा. समजा, ४० मुलांनी चाचणी सोडविली. एकूण गुणांवरून वरची १० व खालची १० मुले निवडावीत. एखादा प्रश्न वरच्यांपैकी ९ व खालच्यांपैकी ३ मुलांना आला, तर तो चांगला भेद करतो. वरच्यांपैकी ४ व खालच्यांपैकी ७ मुलांना आला, तर त्या प्रश्नाची भाषा संदिग्ध आहे की उत्तरसूचीच चुकली आहे, हे तपासावे. तथापि सर्वांना आलेला प्रश्न निरुपयोगी समजू नये. जे सर्वांना यावे म्हणून शिकविले, ते सर्वांना आले, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

लहान शाळेत ४० मुले एका इयत्तेत मिळणे कठीण असते. म्हणून केंद्रातील तीन-चार शाळांनी मिळून हे काम करावे व शिक्षण परिषदेत निष्कर्षांची चर्चा करावी. एवढ्या थोड्या संख्येवरून निघालेला निष्कर्ष तात्पुरता मानावा, व पुढील वर्षी प्रश्न पुन्हा पाहावा. पूर्वचाचणीतील गुण मुलांच्या नोंदवहीत कदापि चढवू नयेत, आणि ही गोष्ट मुलांनाही आधी सांगावी. कारण या वेळी परीक्षा त्यांची नसून प्रश्नांची असते. अशा रीतीने पारखलेले प्रश्न इयत्ता, विषय, दिनांक व आढळलेल्या चुका यांच्या टिपणासह एका वहीत उतरून ठेवावेत. दोन-तीन वर्षांत केंद्राची स्वतःची प्रश्नपेढी तयार होईल.

या कामास वेळ लागतो, हे खरे. परंतु तागडीत पासंग आहे की नाही, हे पाहिल्यावाचून शहाणा गिऱ्हाईक माल तोलून घेत नाही. मग मुलांची पारख करणाऱ्या साधनाविषयी तेवढी दक्षता शिक्षकांनी अवश्य बाळगावी.