‘मॅजिक फ्लूट’ कॅटलॉगात का सापडत नाही?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांच्या लेखी विद्यापीठाचं ग्रंथालय म्हणजे पाठ्यपुस्तकं, फुकटचं वाय-फाय आणि परीक्षेच्या आधीची जागरणं. विद्यापीठात संगीत विभाग असेल तर त्याच छताखाली ऑपेराचा मोठा साठा असतो. तिथवर पोचू देत नाहीत ते काही गैरसमज.

‘शोधलं, आलं नाही, म्हणजे लायब्ररीत नाही.’

हा सगळ्यांत चिवट. मोझार्टचा ‘द मॅजिक फ्लूट’ इंग्रजी नावानं शोधला, तर बरेचदा इंग्रजीत गायलेला एखादा प्रयोग नाहीतर मुलांसाठीचं गोष्टीचं पुस्तक हाती लागतं. कारण कॅटलॉग करणारे कृतीची नोंद तिच्या मूळ भाषेतल्या नावानं करतात. हा ऑपेरा जर्मन, म्हणून ‘डी त्साउबरफ्लोटे’. त्यातलंही सुरुवातीचं ‘डी’ हे उपपद गाळतात. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत तो ‘एम’खाली नाही, ‘डी’खालीही नाही, थेट शेवटी ‘झेड’खाली. वेष्टनावर कुठल्याही भाषेत काहीही छापलेलं असो, एका कृतीची सगळी रेकॉर्डिंगं एका जागी यावीत, म्हणून ही खटपट. सोय आपल्यासाठीच आहे, फक्त आपल्याला ती कोणी सांगत नाही! मोझार्टसाठी आणखी एक खुंटी आहे, ती क्योखेल क्रमांकाची, म्हणजे त्याच्या कृतींच्या यादीतल्या क्रमांकाची. आडनावासोबत 620 टाकलं की बहुतेकदा ‘मॅजिक फ्लूट’ सापडतो, 492 टाकलं की ‘फिगारो’.

‘सापडलं, म्हणजे अख्खा ऑपेरा मिळाला.’

नोंदीत ‘सिलेक्शन्स’ किंवा ‘हायलाइट्स’ दिसलं, तर ती निवडक गाणी. ‘व्होकल स्कोअर’ असेल, तर गायकांसाठी पियानोच्या साथीची छापील वही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात ती एम 1503 वर असते. ऐकण्या-पाहण्याचंच हवं असेल, तर आधी प्रकाराचं फिल्टर लावावं.

‘कॅटलॉग पाहिला की सगळं पाहून झालं.’

नॅक्सोस म्युझिक लायब्ररी किंवा मेट ऑपेरा ऑन डिमांड अशा स्ट्रीमिंग सेवेची वर्गणी ग्रंथालयानं भरलेली असली, तरी त्यातली एकूण एक नोंद मुख्य कॅटलॉगात उतरलेली असेलच असं नाही. त्या दालनात शिरून वेगळं शोधावं लागतं. वसतिगृहातूनही ते विद्यापीठाच्या लॉगिननं उघडतं. पदवी घेतल्यावर मात्र हे दार बहुधा बंद होतं, तेव्हा पाहायचं ते आधीच पाहून घ्यावं.

‘व्हिडिओ असताना नुसतं ऐकायचं कशाला?’

याचं उत्तर मुंबईत जन्मलेल्या वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांकडे आहे. पुचिनीचा ‘तुरांदोत’ त्यांनी 1972 साली लंडनमध्ये डेक्का कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केला. तुरांदोतच्या भूमिकेत जोन सदरलँड, नायक काल्याफच्या भूमिकेत पावारोत्ती. सदरलँड यांनी ही भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही, त्यामुळे त्यांची तुरांदोत पाहायला मागणं व्यर्थ. ती आहे फक्त कानांसाठी. पुढे 1998 मध्ये मेहतांनी हाच ऑपेरा बीजिंगमध्ये, राजवाड्यालगतच्या शाही पितृमंदिराच्या आवारात केला. दिग्दर्शक होते झांग यिमौ. त्याचा व्हिडिओ आहे आणि तो पाहायलाच हवा, कारण तिथे अर्धं नाट्य त्या वास्तूचंच आहे. मी तरी गाण्यासाठी पुन्हा पुन्हा जुन्या रेकॉर्डिंगकडेच वळतो.

‘भाषा कळत नाही, मग उपयोग काय?’

डीव्हीडीवर उपशीर्षकं असतात. सीडीच्या डबीत बरेचदा संहितेची पुस्तिका असते, भाषांतरासकट. स्ट्रीमिंगवर ती नेहमी मिळेलच असं नाही, म्हणून जुन्या सीडींना अजून किंमत आहे. आणि संगीतकार फिलिप ग्लास यांचा ‘सत्याग्रह’? 1980 साली रॉटरडॅममध्ये पहिल्यांदा झालेला हा ऑपेरा दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींवर आहे आणि अखेरपर्यंत संस्कृतात गायला जातो. शब्द भगवद्गीतेतले. घरी आजीकडून गीता ऐकत वाढलेल्या मुलाला तिथे शेजारच्या अमेरिकन वर्गमित्रापेक्षा चार शब्द जास्तच कळतील.