अपडेटनंतर टॅबलेट तापतो?

मुलांच्या अभ्यासाचा आणि आपला बाजारभाव पाहण्याचा टॅबलेट अपडेट केल्यावर तापू लागला, तर लगेच घाबरू नका. नवी प्रणाली बसली की यंत्र सगळी अ‍ॅप्स आणि फोटो आतल्या आत पुन्हा लावून घेते. एक-दोन दिवस हे काम चालते, तोवर तो गरम लागणारच.

तेवढे दिवस कव्हर काढून सावलीत ठेवा. चार्जिंग चालू असताना वापरू नका आणि गोधडीवर तर मुळीच ठेवू नका, उष्णता कोंडते. आयपॅड वापरायला भोवतालची हवा 35 अंशांपर्यंतच असावी, असे कंपनीच सांगते. वैशाखात आपल्या पत्र्याखाली याहून कितीतरी जास्त असते. गार करायला फ्रिजमध्ये ठेवण्याचा नसता शहाणपणा करू नये, आत दव धरते.

तिसऱ्या दिवशीही तापला, तर सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’ उघडा. सर्वांत जास्त बॅटरी खाणारे अ‍ॅप तिथे दिसेल. ते अपडेट करा, नाहीतर काढून टाका आणि टॅबलेट बंद करून पुन्हा चालू करा.

मात्र पाठ फुगली किंवा काच उचलली गेली, तर बॅटरी बिघडली असे समजा. तिला आग लागू शकते. चार्जर काढा, टॅबलेट बंद करा, दाबू-टोचू नका, मुलांच्या हाती देऊ नका आणि सेवा केंद्रात दाखवा.