महासाथीचा धसका : कराड परिसर, २०२० ते २०२२

जिवावरचा प्रसंग टळल्यावरही मन त्यातच अडकून पडते, त्या अवस्थेला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, त्याची आठवण टाळणे, सतत दचकणे, मन उदास वा बधिर होणे ही त्याची लक्षणे. ती महिन्याहून अधिक टिकली, तरच हे निदान होते. आघात सोसलेल्या प्रत्येकाला हा विकार होत नाही. आपल्या माणसांचा आधार मिळाला की बहुतेक जण सावरतात. कोरोनाने नेमका तोच आधार तोडला.

कृष्णाकाठी साथीची पहिली मोठी धास्ती सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात बसली. २३ मार्च २०२० रोजी सौदी अरेबियाहून परतलेले एकाच कुटुंबातील चौघे बाधित आढळले आणि आठवडाभरात आकडा पंचविसाच्या घरात गेला. एप्रिल-मेमध्ये कराड तालुका सातारा जिल्ह्यातील प्रमुख संसर्गकेंद्र बनला. याच काळात मुंबईतील माथाडी कामगार आणि परराज्यांत सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारे गलाई व्यावसायिक गावाकडे परतू लागले. एरवी यात्रेला ज्यांची वाट पाहिली जाई, त्यांची रवानगी शाळांमधील विलगीकरणात झाली. आजारापेक्षा गावाच्या नजरेची भीती अनेकांना मोठी वाटली.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत घाव अधिक खोल गेला. खाटा आणि प्राणवायू यांसाठी धावाधाव झाली; धडधाकट तरुण दगावले. मातीला जाणे, सावडणे, दहाव्याला भावकी जमणे हे दुःख वाटून घेण्याचे रिवाज निर्बंधांमुळे आक्रसले. अनेकांना शेवटचे तोंडही पाहता आले नाही. परिचारिका, आशा सेविका आणि स्मशानातील कर्मचारी यांना तर हे मृत्यू रोज पाहावे लागत होते.

त्यात २०१९ च्या महापुराच्या आठवणी ताज्या होत्या. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळल्या. सांगलीत पुन्हा पूर आला. एका आघातातून सावरण्याआधीच दुसरा बसला.

मदत मुख्यतः पैशाच्या रूपात आली : मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये, दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याची ५ लाखांची ठेव. सामाजिक पातळीवर कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. साथीत वैधव्य आलेल्या तरुण स्त्रियांची स्थिती त्यामागे होती. मनाच्या उपचारासाठी ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची राष्ट्रीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तोवर दुसरी लाट ओसरून वर्षाहून अधिक काळ लोटला होता.