पोर्ट एकच, वाटा तीन: रास्पबेरी पायमधील नेटवर्क ड्रायव्हर कसा सुरू होतो

केंब्रिजमध्ये घडलेल्या ‘रास्पबेरी पाय’ या तळहाताएवढ्या संगणकाची विक्री २९ फेब्रुवारी २०१२ रोजी सुरू झाली. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे हा त्यामागचा मूळ हेतू होता. पुढे मात्र हा संगणक कारखान्यांतील नियंत्रण-पेट्यांत, दुकानांतील जाहिरात-फलकांत आणि हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या यंत्रांतही जाऊन बसला. अशा ठिकाणी त्याला ना पडदा असतो, ना कळफलक. बाहेरच्या जगाशी त्याचे सारे नाते बहुधा एका इथरनेट केबलवर अवलंबून असते. ते जुळले नाही, तर दुरुस्तीसाठी कोणाला तरी प्रत्यक्ष तेथवर जावे लागते. म्हणूनच वीज मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत नेटवर्कचा ड्रायव्हर कोणत्या क्रमाने सुरू होतो, हे समजून घेण्याजोगे आहे.

ड्रायव्हर हा कार्यप्रणाली आणि यंत्रभाग यांमधला दुभाष्या. नेटवर्क कार्ड कामाला लावताना त्याला ठरावीक पायऱ्या चढाव्या लागतात: चिपला क्लॉक पुरवणे, तिला रीसेट करणे, मॅक पत्ता नोंदवणे, येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांसाठी मेमरीत रांगा आखणे, इंटरप्टची सोय करणे आणि शेवटी ‘हा नवा इंटरफेस’ म्हणून कर्नलकडे नोंदणी करणे. या पायऱ्या पुस्तकात सरळ दिसतात. प्रत्यक्षात प्रत्येक पायरी दुसऱ्या कशावर तरी टेकलेली असते, आणि रास्पबेरी पायच्या निरनिराळ्या पिढ्या पाहिल्या की ते स्पष्ट होते. बाहेरून दिसणारा पोर्ट तोच राहिला. त्यामागची वाट मात्र दोनदा बदलली.

पहिल्या ‘मॉडेल बी’मधील प्रोसेसरात इथरनेट नव्हतेच. बोर्डावरील लॅन९५१२ ही चिप यूएसबी हब आणि इथरनेट अशी दोन्ही कामे करी. त्यामुळे कर्नलला आधी यूएसबी नियंत्रक सुरू करावा लागे, मग हब सापडे, हबच्या आत इथरनेट सापडे आणि त्यानंतरच त्याच्या ड्रायव्हरची पाळी येई. नेटवर्कची सगळी वाहतूक याच यूएसबी मार्गाने होत असे. २०१८ साली आलेल्या ‘३ बी प्लस’ला गिगाबिट इथरनेट मिळाले तरी प्रत्यक्ष वेग सेकंदाला सुमारे ३०० मेगाबिटपुरताच राहिला, त्याचेही कारण यूएसबी २.० हेच.

या रचनेत ओळखीचाही एक प्रश्न होता. नेटवर्क चिपचा मॅक पत्ता सहसा तिच्याशेजारच्या लहानशा मेमरीत कोरलेला असतो. पायमध्ये तो खर्च वाचवलेला होता. कर्नलच्याही आधी चालणारे फर्मवेअर प्रोसेसरच्या अनुक्रमांकावरून पत्ता तयार करी. त्याचे पहिले तीन बाइट बी८:२७:ईबी असे ठरलेले. हा पत्ता सुरुवातीला कर्नलच्या आज्ञा-ओळीतून आणि पुढे डिव्हाइस ट्रीतून, म्हणजे बोर्डावर काय कोठे आहे हे सांगणाऱ्या नकाशातून, ड्रायव्हरला कळवला जाऊ लागला. नकाशात किंवा मेमरीत पत्ता मिळाला नाही, तर ड्रायव्हर स्वतःच एक यादृच्छिक पत्ता निवडतो. नेटवर्क चालते, चाचण्याही पार पडतात. पण दर बूटला यंत्र नव्या नावाने हजर होते आणि राउटरने त्याच्यासाठी राखून ठेवलेला आयपी पत्ता वाया जातो. दोष राउटरचा वाटतो. मूळ असते ते स्वतःचा बूटलोडर लिहिताना राहून गेलेल्या एका नोंदीत.

२०१९ च्या ‘पाय ४’मध्ये इथरनेट नियंत्रक थेट प्रोसेसरात आला आणि यूएसबीची मध्यस्थी संपली. मात्र अशा नियंत्रकाला यूएसबीप्रमाणे आपण होऊन ओळख सांगता येत नाही. त्याचे रजिस्टर कोठे आहेत, इंटरप्ट कोणता, केबलशी प्रत्यक्ष बोलणारी फाय चिप त्याला कशी जोडली आहे, हे सारे डिव्हाइस ट्रीच सांगते. नियंत्रक आणि फाय यांच्यात क्लॉकचा संकेत सुमारे दोन नॅनोसेकंद मागे ठेवावा लागतो. तो विलंब कोणी करायचा, हेही तेथेच लिहिलेले असते. ती नोंद चुकली, तर पोर्टवरचे दिवे लागतात, जोडणी झाल्याचा संदेशही येतो, पण पॅकेट बिघडलेली पोहोचतात.

२०२३ च्या ‘पाय ५’मध्ये तिसरी वाट आली. इथरनेट आता आरपी१ या वेगळ्या चिपमध्ये आहे आणि ती चिप पीसीआय एक्सप्रेसने प्रोसेसरला जोडलेली आहे. साहजिकच आधी पीसीआय एक्सप्रेस, मग आरपी१ आणि मग इथरनेट असा क्रम लागतो. अशा अवलंबनांसाठी लिनक्समध्ये एक साधी सोय आहे: लागणारे क्लॉक किंवा रीसेट अजून तयार नसेल, तर ड्रायव्हर ‘आत्ता नाही, नंतर बोलवा’ असे उत्तर देतो आणि कर्नल त्याला पुन्हा संधी देतो.

तरीही ड्रायव्हर सुरू होणे म्हणजे नेटवर्क सुरू होणे नव्हे. इंटरफेसची नोंदणी, केबलवरील जोडणी आणि आयपी पत्ता मिळणे या तीन वेगळ्या घटना आहेत. गिगाबिट जोडणीची बोलणी व्हायलाच काही सेकंद जातात. पलीकडचा स्विच स्पॅनिंग ट्रीच्या जुन्या पद्धतीने चालत असेल, तर पोर्ट खुला करण्याआधी तो साधारण ३० सेकंद थांबतो. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ‘दहा सेकंद थांबा’ अशी ओळ घालून केलेला उपाय कामाच्या टेबलावर चालतो आणि ग्राहकाच्या इमारतीत फसतो, त्याचे हे एक नेहमीचे कारण. शिवाय ‘पाय ५’पूर्वीच्या पिढ्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते. वेळ नेटवर्कवरूनच येत असल्याने ते लांबले की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रेही चुकीच्या तारखेमुळे नाकारली जाऊ शकतात.

म्हणून ठरावीक सेकंद मोजण्याऐवजी त्या-त्या घटनेची वाट पाहणे हाच खात्रीचा मार्ग. सिस्टमडीमध्ये ‘नेटवर्क’ आणि ‘नेटवर्क-ऑनलाइन’ ही दोन वेगळी लक्ष्ये याच कारणाने आहेत. पहिले गाठले म्हणजे पत्ता मिळाला असे होत नाही. आणि नवा बोर्ड हाती आला की ड्रायव्हरचा कोड उघडण्याआधी बूट-नोंदीत तीन गोष्टी पाहाव्यात: चिप सापडली का, मॅक पत्ता कोठून आला आणि जोडणी केव्हा झाली. दूरवरच्या यंत्राची फेरी वाचवायची असेल, तर हे प्रश्न ते रवाना होण्यापूर्वीच विचारलेले बरे.