सुरकुतीच्या मुळाशीं

श्रोतेहो, आरंभीं एक लहानसा प्रयोग करून पाहण्याची आपणांस विनंति आहे. डावा हात गुडघ्यावर पालथा ठेवा. त्याच्या पाठीवरील कातडी उजव्या हाताच्या चिमटींत क्षणभर धरा आणि सोडून द्या. घरांत दहा-बारा वर्षांचें मूल असेल तर त्याच्या हातावरहि असेंच करा; आणि आजी जवळ बसल्या असतील तर त्यांच्या परवानगीनें त्यांच्याहि हातावर. मुलाची कातडी सोडल्याबरोबर सपाट होते. आजींच्या हातावर मात्र चिमटीची ती वळी कांहीं क्षण तशीच उभी राहते आणि मग सावकाश खालीं बसते. ही जी क्षणभराची तफावत, तिचें कारण काय, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या त्वचेचे मुख्य थर दोन. वरचा थर ती बाह्यत्वचा. ती कागदासारखी पातळ असून तिच्या तळाशीं नव्या पेशी सतत जन्मास येत असतात. त्या हळूहळू वर सरकतात, वाळतात आणि स्नानाच्या वेळीं मळाबरोबर निघून जातात. साधारणतः महिना-दीड महिन्यांत हा सारा थर नवा होतो. मग जिचा पृष्ठभाग इतक्या वरचेवर नवा होतो ती कातडी म्हातारी होतेच कशी, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. त्याचें उत्तर खालच्या थरांत, म्हणजे अंतस्त्वचेंत आहे. गादीवरची चादर रोज बदलली तरी आंतला कापूस बसला असेल तर चादरीला वळ्या पडावयाच्याच. सुरकुती दिसते ती चादरीवर. तिचें मूळ असतें गादींत.

ही गादी ज्या विणकामाची बनलेली असते त्यास शास्त्रांत संयोजी ऊतक असें नांव आहे. शरीराचे निरनिराळे भाग एकमेकांस जोडणें आणि सांवरून धरणें हें त्याचें काम. अंतस्त्वचेंतील या विणकामांत तीन द्रव्यें मुख्य आहेत. पहिलें कोलॅजन. याचे तंतु दोरखंडाप्रमाणें चिवट असतात आणि पाणी वगळून जें वजन उरतें त्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग एकट्या कोलॅजनचा असतो. दुसरें इलॅस्टिन. याचे तंतु रबराप्रमाणें ताणले जाऊन पुन्हां पूर्ववत् होतात. मुलाच्या हातावरची चिमटी झटकन सपाट होते ती मुख्यतः यांच्यामुळें. तिसरें हायालुरॉनिक आम्ल. हें पाणी धरून ठेवतें व त्वचेस तजेला देतें. या सर्व द्रव्यांची निर्मिति आणि डागडुजी करणाऱ्या ज्या पेशी त्या विणींत जागोजाग वस्ती करून असतात, त्यांना तंतुजनक पेशी किंवा फायब्रोब्लास्ट म्हणतात. गादी पिंजून देण्यास पिंजारी बाहेरून येतो. येथें तो गादीच्या आंतच राहतो, इतकाच फरक. आतां हा पिंजारीच म्हातारा झाला तर काय होतें, तें पाहूं.

एके काळीं शास्त्रज्ञांची अशी समजूत होती कीं, पेशी मुळीं म्हातारी होतच नाहीं. अॅलेक्सिस कॅरल या नामांकित शस्त्रवैद्यानें १९१२ सालीं न्यूयॉर्क येथें कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा एक कण कांचेच्या पात्रांत वाढविण्यास आरंभ केला. त्यांतून वाढलेल्या पेशी १९४६ पर्यंत, म्हणजे कॅरलच्या मृत्यूनंतरहि दोन वर्षें, जिवंत ठेवण्यांत आल्या. त्यावरून असें अनुमान निघालें कीं, पेशी स्वभावतः अमर असून वार्धक्य हें केवळ साऱ्या देहाचें दुखणें आहे. पुढें १९६१ मध्यें फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेंत लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं या समजुतीस धक्का दिला. त्यांनीं मानवी गर्भाच्या तंतुजनक पेशी वाढविल्या, तेव्हां असें दिसून आलें कीं, एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा सुमारें पन्नास पिढ्या झाल्यावर त्यांची वाढ थांबते. अन्न भरपूर असतें, जागा मोकळी असते, तरी त्या विभागत नाहींत. दोष पात्रांत किंवा अन्नांत असेल अशी शंका येणें साहजिक होतें. म्हणून पुष्कळ पिढ्या झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि थोड्याच पिढ्या झालेल्या स्त्रीच्या पेशी एकाच पात्रांत एकत्र ठेवण्यांत आल्या. कांहीं काळानें पाहिलें तों स्त्रीच्या पेशी तेवढ्या उरल्या होत्या. म्हणजे वयाची मोजदाद पात्रांत नसून पेशीच्या आंतच होती. कॅरलचा प्रयोग मात्र पुन्हां कोणासहि साधला नाहीं. त्याच्या पात्रांत अन्नरसाबरोबर ताज्या पेशी नकळत जात असाव्यात, असा तर्क पुढें करण्यांत आला.

ही मोजदाद ठेवतें कोण? पेशीच्या केंद्रांत जीं गुणसूत्रें असतात त्यांच्या टोंकांना टेलोमियर म्हणतात. बुटाच्या नाडीचें टोंक उसवूं नये म्हणून त्यावर जशी पत्र्याची टोपी बसवितात, तशींच हीं टोंकें. प्रत्येक विभागणींत तीं किंचित् आखूड होतात आणि फार आखूड झालीं म्हणजे पेशी विभागणी बंद करते. टेलोमियर आणि त्याची लांबी राखणारें द्रव्य यांच्या संशोधनाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांस २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. जिवंत त्वचेंतील तंतुजनक पेशी पात्रांतल्यासारख्या एकसारख्या विभागत नाहींत. तेथें त्यांना म्हातारपण येतें तें बहुधा मारामुळें : उन्हाचा मार, धुराचा मार आणि शरीराच्या स्वतःच्या श्वसनांतून निघणाऱ्या दाहक द्रव्यांचा मार. गुणसूत्रांस अशी इजा पोंचली कीं पेशी कायमची थबकते. १९९५ मध्यें अमेरिकेंत ज्युडिथ कॅम्पिसी व त्यांचे सहकारी यांनीं अशा थबकलेल्या पेशींस निळ्या रंगानें ओळखण्याची युक्ति प्रसिद्ध केली. आणि वृद्धांच्या त्वचेच्या नमुन्यांत ही निळाई तरुणांच्या मानानें अधिक आढळली.

थबकलेली पेशी निमूटपणें बसून राहिली असती, तर फारसें बिघडलें नसतें. पण ती मरतहि नाहीं आणि स्वस्थहि बसत नाहीं. ती सभोंवार नाना प्रकारचे रस स्रवूं लागते. त्यांतील कांहीं रस कोलॅजनचे दोर कात्रीप्रमाणें तोडतात. कांहीं दाह उत्पन्न करतात. आणि कांहींच्या योगानें शेजारची धडधाकट पेशीहि थबकूं लागते. म्हणून अशा पेशी संख्येनें थोड्या असल्या तरी त्यांचा परिणाम थोडा नसतो. विरजणाच्या एका थेंबानें सारें दूध बदलतें, तसाच हा प्रकार. शिवाय निरोगी तंतुजनक पेशी कोलॅजनच्या दोरांना धरून ताणून बसलेली असते आणि त्या ताणामुळेंच तिला नवें कोलॅजन करण्याची प्रेरणा मिळते. दोर तुटले कीं ताण सुटतो, पेशी आकसते, नवें कोलॅजन कमी करते आणि तोडणारा रस अधिक सोडते. असें हें दुष्टचक्र आहे. प्रौढ वयांत त्वचेंतील कोलॅजन दरवर्षीं सुमारें एक टक्का घटतें. आणि सत्तरीच्या आजींच्या हातास कपाटाची कड जराशी लागली तरी कातडी फाटते व जखम भरण्यास उशीर लागतो, त्याचेंहि एक कारण हेंच. सुरकुती ही केवळ शोभेची बाब नव्हे, ती यासाठीं.

या कामीं सूर्य केवढा हातभार लावतो, याचा पुरावा प्रत्येकाच्या अंगावर आहे. दंडाच्या आंतल्या बाजूची कातडी आणि पंजाच्या पाठीवरची कातडी ताडून पाहा. दोहोंचें वय एकच, पण रूप किती निराळें! अमेरिकेंतील एका ६९ वर्षांच्या मालमोटार-चालकाचें छायाचित्र २०१२ सालीं वैद्यकाच्या एका नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. अठ्ठावीस वर्षें खिडकीकडील ऊन त्याच्या डाव्या गालावर पडत आलें होतें. त्याची उजवी बाजू वयास शोभेशी होती. डावी मात्र जाड, लोंबती आणि खोल सुरकुत्यांनीं भरलेली. कांचेंतून ऊन येतें, पण जंबुपार किंवा अतिनील किरणांपैकीं सर्वांत खोल जाणाऱ्यांस कांच पुरतें अडवीत नाहीं. उलट बाजूचाहि पुरावा आहे. ऑस्ट्रेलियांतील नॅम्बर या गांवीं पंचावन्नाच्या आंतील सुमारें ९०० माणसांवर केलेल्या व २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, साडेचार वर्षें रोज ऊनरोधक मलम लावणारांच्या त्वचेचें वार्धक्य, मनास येईल तेव्हां लावणारांच्या मानानें २४ टक्के कमी आढळलें. आपल्या सांवळ्या वर्णांतील रंगद्रव्य हें एक उपजत छत्रच आहे. त्यामुळें आपल्याकडे सुरकुत्या कांहींशा उशिरां येतात. काळे डाग मात्र लौकर दिसतात. छत्र आहे म्हणून ऊन निरुपद्रवी झालें, असें नव्हे.

मग या थबकलेल्या पेशी निसर्गानें ठेविल्याच कशाला? याचें उत्तर विचार करण्याजोगें आहे. ज्या पेशीच्या गुणसूत्रांस इजा झाली ती विभागत राहिली, तर तिच्यांतून कर्करोग उद्भवण्याचा संभव असतो. तिला थांबविणें हा तारुण्यांत जीव वाचविणारा पहारा आहे. इतकेंच नव्हे, तर २०१४ मध्यें उंदरांवरील संशोधनांत असें दिसलें कीं, ताज्या जखमेंत अशा पेशी थोडा वेळ प्रकट होतात व त्यांच्या रसानें जखम लौकर भरते. त्या काढून टाकल्या तर उशीर होतो. म्हणजे काम उरकून निघून जाते ती पेशी उपकारक. मुक्काम ठोकून बसते ती अपायकारक. २०११ मध्यें अकालीं वार्धक्य येणाऱ्या विशिष्ट उंदरांतून अशा पेशी वेंचून काढल्या असतां त्यांची कित्येक दुखणीं लांबलीं, आणि तेव्हांपासून असें औषध माणसासाठीं शोधण्याची खटपट चालू आहे. परंतु पहारेकरी हांकून देण्यापूर्वीं दार कोण राखील, हें पाहिलें पाहिजे.

तोंवर आपल्या हातीं काय आहे? कोलॅजनच्या डब्या विकत घेण्यापूर्वीं एवढें जाणावें कीं, कोलॅजनचा कण धडधाकट कातडीतून आंत शिरण्यास फारच मोठा आहे. त्यानें वरची चादर मऊ होईल, गादी भरणार नाहीं. जीवनसत्त्व ‘अ’ पासून सिद्ध केलेलें ट्रेटिनॉइन हें औषध उन्हानें जीर्ण झालेल्या त्वचेंत नवें कोलॅजन उत्पन्न करतें असें सिद्ध झालें आहे; पण तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावें आणि गर्भवतींनीं तर टाळावेंच. बाकी उपाय साधे आहेत : भर दुपारीं छत्री किंवा डोक्यावर पदर, ऊनरोधक मलम, आणि विडी-सिगारेट वर्ज्य. हे लहानपणापासून पाळावे, कारण उन्हाचा मार साठत जातो.

आणि शेवटीं, ज्या हातावर आपण आरंभीं चिमटी घेतली तो आजींचा हात पुन्हां हातीं घ्या, पण आतां अलगद. त्या पातळ कातडीखालीं थबकून बसलेल्या पेशींपैकीं कित्येकींनीं एके काळीं थांबूनच त्यांना कर्करोगापासून राखलें असेल.