खोडलेल्या शब्दांचे मोल

पर्ल हार्बरवरील हल्ल्याची वार्ता ७ डिसेंबर १९४१ रोजी वॉशिंग्टनला पोहोचली, त्यानंतर काही तासांतच अध्यक्ष रूझवेल्ट यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणाचा मजकूर आपल्या चिटणीस ग्रेस टली यांना सांगितला. टंकलिखित होऊन आलेल्या त्या पहिल्या मसुद्यात हा दिवस ‘जगाच्या इतिहासात’ राहील, असे शब्द होते. रूझवेल्ट यांनी ते स्वहस्ते खोडले आणि त्या जागी ‘कलंक’ या अर्थाचा एकच शब्द घातला. जगाला ठाऊक आहे ते वाक्य या खाडाखोडीतून जन्मले.

हा मसुदा हाइड पार्क येथील त्यांच्या ग्रंथालयात सुरक्षित राहिला. प्रत्यक्ष भाषणाच्या वेळची वाचनप्रत मात्र सभागृहातच मागे राहिली आणि हरवली, असेच सर्वांनी धरून चालले. वस्तुतः सिनेटच्या एका कारकुनाने ती उचलून, तारखेची नोंद करून, निमूटपणे दप्तरी लावून टाकली होती. १९८४ साली ती राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली. कारकुनी शिस्तीची थट्टा करणाऱ्यांनी हा दाखला ध्यानी ठेवण्याजोगा आहे!

युद्धकाळातील नेत्यांच्या मूळ भाषणप्रतींचा संग्रह करू पाहणाऱ्याला प्रथम ‘मूळ’ कशास म्हणावे हेच ठरवावे लागते. लिंकन यांच्या १८६३ मधील गेटिसबर्गच्या भाषणाच्या त्यांच्या हस्ताक्षरातील पाच प्रती आज उपलब्ध आहेत. पण त्यांपैकी तीन त्यांनी भाषणानंतर, इतरांच्या विनंतीवरून लिहून दिल्या. जखमी सैनिकांच्या साहाय्यार्थ भरणाऱ्या जत्रांतून निधी उभारावा, हा त्यामागील हेतू होता. एक प्रत तर कागदाच्या दोन्ही बाजूंस लिहिल्यामुळे छपाईस निरुपयोगी ठरली आणि लिंकन यांना पुन्हा लेखणी हाती धरावी लागली. अशा प्रतींचे मोल कमी नाही. तथापि त्यांत निर्णयाच्या क्षणाची घालमेल शोधणे व्यर्थ होय. ती सापडते ती मसुद्यात.

बाजाराला मात्र हा विवेक नेहमीच असतो असे नाही. नोव्हेंबर १८६४ मध्ये, यादवी युद्ध चालू असतानाच फेरनिवड झाल्यावर लिंकन यांनी केलेल्या भाषणाचे हस्तलिखित न्यूयॉर्क राज्यातील ड्रायडन या लहान गावाच्या ग्रंथालयाकडे होते. इमारतीच्या विस्तारासाठी ग्रंथालयाने ते २००९ साली लिलावात काढले आणि त्यास ३४ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. ग्रंथालयाला सर्वस्वी दोष देता येणार नाही, कारण असा ठेवा सांभाळण्याचा खर्चही लहान संस्थेला न पेलणारा असतो. चर्चिल यांच्या कागदपत्रांचे प्रकरण अधिक अवघड होते. गद्यस्तोत्राप्रमाणे तुटक ओळींत टंकलिखित केलेल्या त्यांच्या भाषणप्रती ज्या संग्रहात आहेत, तो १९९५ साली राष्ट्रीय सोडतीच्या निधीतून १ कोटी २५ लाख पौंड देऊन त्यांच्या कुटुंबाकडून विकत घेण्यात आला. पंतप्रधानपदावरून निर्माण झालेल्या कागदांसाठी राष्ट्राने पुन्हा दाम का मोजावा, हा तेव्हा घेतला गेलेला आक्षेप रास्तच होता. पण संग्रह फुटून चहूकडे विखुरला असता, तर तो आक्षेपही शिल्लक राहिला नसता. आज तो केंब्रिजमध्ये अभ्यासकांना खुला आहे.

आपल्याकडे असे जतन एकदा घडले ते पोलिसांच्या हातून! एप्रिल १९४२ मध्ये गांधीजींनी अलाहाबादच्या बैठकीसाठी ठरावाचा मसुदा पाठविला. जपानचे वैर हिंदुस्थानशी नसून ब्रिटिश साम्राज्याशी आहे, अशी त्यातील भूमिका नेहरूंना मान्य झाली नाही आणि अंतिम ठरावातून ती वगळली गेली. मे महिन्यात काँग्रेस कचेरीवर छापा पडला, त्यात मसुदा व त्यावरील चर्चेची टिपणे सरकारच्या हाती लागली. काँग्रेसला बदनाम करण्यासाठी सरकारने मुंबईच्या ऑगस्ट अधिवेशनाच्या तोंडावर ती प्रसिद्ध केली. नेत्यांमधील तो प्रामाणिक मतभेद जगापुढे आला तो असा, प्रतिपक्षाच्या कृपेने.

१९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी दप्तराला लागू होतो; नेत्याच्या घरच्या पेटीतील कागद राष्ट्रीय अभिलेखागार देणगी म्हणून वा विकत घेऊ शकते, एवढेच. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने निर्यातबंदीचे संरक्षण मिळते, पण ते हस्तलिखित ७५ वर्षांचे झाल्यावर. १९४२ च्या कागदांना ते २०१७ साली लाभले. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या काळातील खासगी मसुद्यांना ते २०३७ साली, तर १९६५ च्या मसुद्यांना २०४० साली लाभेल. तोवर हे कागद रद्दीवाल्याच्या तराजूत पडावेत की परदेशी लिलावघराकडे जावेत, हे त्या त्या घरच्या वारसांच्या मर्जीवर सोपविलेले आहे.